संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा : प्राचीन विद्यास्थानांतील संवादशिक्षणाचा विचार

विद्यापीठाच्या वर्गात भिन्न धर्मांचे, भिन्न जातींचे, भिन्न भाषा बोलणारे आणि एकमेकांच्या मतांविषयी मनात अढी बाळगणारे विद्यार्थी एकत्र बसले म्हणजे त्यांच्यातील मतभेदांचे काय करावयाचे, हा प्रश्न अगदी अलीकडचा आहे असे मानण्याचा प्रघात पडला आहे. शांतता-अध्ययन हा विद्यापीठीय विषय म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर आकारास आला. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात त्याचा विभाग १९७३ मध्ये ॲडम कर्ल यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला, आणि त्यानंतरच्या काळात वर्गातील संभाषणाचे नियम, प्रतिपक्षाची बाजू आपल्या तोंडून मांडण्याचे पाठ, रागावर ताबा ठेवून ऐकण्याचा अभ्यास अशा गोष्टी अनेक ठिकाणी अभ्यासक्रमांत आल्या. त्यामुळे संवाद ही शिकविण्याजोगी विद्या आहे ही कल्पनाच आधुनिक असल्याचा समज होतो. याच्या उलट टोकाला, भारतातील वादपरंपरेचा गौरव करणारे लेखन विपुल आहे. त्यात वाद म्हणजे सहिष्णुता असे सोपे समीकरण मांडलेले आढळते. मूळ ग्रंथ उघडून पाहिले तर यांपैकी कोणताच समज टिकत नाही. प्राचीन ग्रंथकारांनी सौहार्दाची चर्चा आणि जिंकण्यासाठी करावयाचे भांडण यांत काटेकोर भेद केला होता. दोहोंचेही शिक्षण दिले होते. आणि पहिली कोठे संभवते व कोठे संभवत नाही याचीही त्यांना जाण होती. प्रस्तुत विषयात या जाणिवेचे मोल नियमांच्या याद्यांहून अधिक आहे.

या भेदाचे सर्वांत स्पष्ट विवेचन एखाद्या दार्शनिक अगर धार्मिक ग्रंथात नसून वैद्यकाच्या ग्रंथात यावे, हे लक्षणीय आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात विद्यार्थ्याने शास्त्र कसे निवडावे, आचार्य कसा पारखावा, आचार्याने शिष्य कसा पारखावा याचा विचार झाल्यावर ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा, म्हणजे त्याच विद्येच्या जाणकाराशी चर्चा. चर्चेला अध्ययन-अध्यापनाच्या पंक्तीला बसविले आहे, ही गोष्ट नजरेआड होऊ देता कामा नये. ती शिक्षणाची शोभा नसून शिक्षणाचा एक तृतीयांश भाग आहे. अशा चर्चेने ज्ञान वाढते, वाणीला सामर्थ्य येते, पूर्वी ऐकलेल्या गोष्टींतील संशय फिटतो आणि जेथे संशय नव्हता तेथे निश्चय दृढ होतो, असे तिचे लाभ संहिता सांगते. त्यांतील एक लाभ मनुष्यस्वभावाचे मार्मिक निरीक्षण आहे. आचार्य सेवेने प्रसन्न होऊन शिष्याला जे गूढ ज्ञान थोडे थोडे करून देतो, तेच एखादा वैद्य चर्चेच्या भरात, जिंकण्याच्या ईर्ष्येने, एका दमात सांगून टाकतो. ज्ञान राखून ठेवण्याची वृत्ती आणि ते उघड करण्यास भाग पाडणारी स्पर्धा या दोन्ही गोष्टी ग्रंथकाराने जवळून पाहिलेल्या असाव्यात.

ही संभाषा दोन प्रकारची : संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा. संधी आणि विग्रह हे राजनीतीतील परिचित शब्द. चर्चेलाही तेच लावले आहेत, यावरून चर्चेत युद्धाची शक्यता अंगभूत आहे हे गृहीत धरलेले दिसते. संधायसंभाषा कोणाशी करावी? जो ज्ञानसंपन्न आहे, उत्तर-प्रत्युत्तर करण्यास समर्थ आहे, जो कोपिष्ट व मत्सरी नाही, ज्याला समजावता येते आणि ज्याला समजावण्याची कला अवगत आहे, ज्याला क्लेश सोसण्याची सवय आहे आणि जो गोड बोलतो, त्याच्याशी. यात ‘अनुनेय’ आणि ‘अनुनयकोविद’ ही दोन विशेषणे जोडीने येतात. दुसऱ्याचे म्हणणे पटू देण्याची तयारी आणि आपले म्हणणे पटवून देण्याचे कौशल्य या एकाच माणसाच्या दोन पात्रता मानल्या आहेत. आधुनिक वर्गात दुसरीला गुण मिळतात; पहिलीची परीक्षा कोणी घेतल्याचे सहसा ऐकिवात येत नाही.

अशा सहचर्चकाशी वागण्याचे नियमही दिले आहेत. त्याच्याशी विश्वासाने बोलावे, विश्वासाने प्रश्न विचारावेत आणि त्याने विश्वासाने विचारले तर विषय स्वच्छ करून सांगावा. हार होईल या भीतीने अस्वस्थ होऊ नये. त्याची हार झाली तर हर्ष मानू नये आणि चारचौघांत तिची बढाई मारू नये. मोहाने एकाच बाजूला धरून बसू नये. जे आपणांस ठाऊक नाही त्याचे वर्णन करू नये. या नियमांत देवाधर्माची आण नाही की पुण्याचे आमिष नाही. वैद्यांच्या मतभेदात रोग्याचे बरेवाईट गुंतलेले असते, आणि चुकीचे निदान वादात विजयी झाले तरी रोगी बरा होत नाही. विद्येच्या इतर शाखांना हे बंधन इतके प्रत्यक्ष जाणवत नाही. सौहार्दाच्या चर्चेची मांडणी प्रथम वैद्यांच्या हातून इतकी तपशीलवार व्हावी याचे कारण येथे शोधणे सयुक्तिक ठरेल.

तोच अध्याय पुढे विगृह्यसंभाषेकडे वळतो, आणि वाचकाला धक्का बसतो. प्रतिपक्षी श्रेष्ठ, हीन की तुल्यबळ आहे ते आधी जोखावे. सभा जाणत्यांची की अजाणांची, आणि ती आपल्याला अनुकूल, उदासीन की प्रतिकूल, तेही जोखावे. प्रतिकूल सभेत कोणाशीच वाद घालू नये. येथवर सावधगिरी म्हणता येईल. परंतु पुढे दुबळ्या प्रतिपक्ष्याला चीत करण्याच्या युक्त्या येतात. ज्याचे पाठांतर कच्चे त्याला लांबलचक सूत्रपाठाने, ज्याची स्मरणशक्ती मंद त्याला गुंतागुंतीच्या वाक्यांनी, ज्याला सभेत बोलण्याचा सराव नाही त्याला लाज आणून, रागीट माणसाला दमवून आणि भित्र्याला भेदरवून गप्प करावे. सभेशी आधीच संधान बांधून आपल्याला सोपा व दुसऱ्याला अवघड असा विषय तिच्याच तोंडून ठरवून घ्यावा, असाही सल्ला आहे. यानंतर वादमार्गाच्या ४४ संज्ञा क्रमाने सांगितल्या आहेत.

या भागाबद्दल काही अभ्यासकांना संकोच वाटतो. तो अनाठायी आहे. राजाश्रयासाठी आणि रोग्यांसाठी वैद्यांत चढाओढ होती, आणि तिच्यात उतरणाऱ्या शिष्याला या डावपेचांची ओळख करून देणे आचार्याला भाग होते. दोन्ही प्रकार एकाच अध्यायात शेजारी शेजारी शिकविले गेले. त्यामुळे समोरचा माणूस कोणत्या प्रकाराने बोलत आहे हे शिष्याला ओळखता येत असे, आणि आपण स्वतः कोणत्या प्रकारात शिरलो आहोत हेही कळत असे. केवळ संधायसंभाषा शिकलेला विद्यार्थी पहिल्याच कुत्सित प्रश्नापुढे असहाय झाला असता. हाच ग्रंथ भांडणाच्या निष्फळतेचेही चित्र काढतो. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात काशीचा राजा वामक याच्या प्रश्नावरून मनुष्याची व त्याच्या रोगांची उत्पत्ती कशापासून होते यावर ऋषींचा वाद जुंपतो. कोणी आत्मा, कोणी मन, कोणी रस, कोणी कर्म, कोणी काळ असे कारण सांगतो. तेव्हा पुनर्वसू आत्रेय त्यांना थांबवून म्हणतो की आपापले पक्ष सिद्धच आहेत अशा थाटात बोलणारे घाण्यावर बसून फिरणाऱ्याप्रमाणे फिरतच राहतात, मुक्कामाला पोहोचत नाहीत.

न्यायसूत्रांत हाच भेद वाद, जल्प आणि वितंडा अशा तीन संज्ञांनी व्यवस्थित झाला. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द शिल्लक राहिला आणि ‘वाद’ या शब्दाला भांडणाचा अर्थ चिकटला, ही शब्दांच्या नशिबाची गंमत आहे. मूळ शास्त्रात वाद हाच सौहार्दाचा प्रकार. त्यात प्रमाण व तर्क यांच्या आधाराने दोन पक्ष मांडले जातात, पण छल, जाती यांसारखी फसवी शस्त्रे वापरण्यास मुभा नाही. चौथ्या अध्यायात वाद कोणाशी करावा हे सांगताना शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि श्रेय इच्छिणारे विशिष्ट जन यांची नावे येतात, आणि या सर्वांना एकच अट आहे : ते असूयारहित असावेत. गुरूने शिष्याशी वाद करावा, म्हणजे शिष्याला गुरूच्या मतावर आक्षेप घेता यावा, हे येथे विहित आहे. पुढचे सूत्र त्याहून सूक्ष्म आहे. प्रतिपक्ष उभा न करताही, जिज्ञासू म्हणून, चर्चेला जावे असे ते सुचविते. समोरच्याचे मत खोडण्याने त्याच्या मनाला क्लेश होत असतील तर स्वतःचा पक्ष न मांडता केवळ प्रश्न विचारून आपली समजूत शुद्ध करून घ्यावी, असा त्याचा आशय घेतला जातो. जल्प आणि वितंडा यांना मात्र सूत्रकार हाकलून देत नाही. कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात तसा त्यांचा उपयोग, असे तो म्हणतो. कुंपणाचे काटे पिकात पसरले तर काय होते, हा प्रश्न त्याने विचारलेला नाही. तो इतिहासाने विचारला.

कारण नियम कितीही उत्तम असले तरी ज्याच्या हाती दंड आहे त्याच्यासमोर त्यांचे काय होते, ही या विषयाची खरी कसोटी. उपनिषदांनाच तिची आठवण आहे. जनकाच्या सभेत शिंगांना सोने बांधलेल्या हजार गाईंचे पारितोषिक लागले होते. तेथे फार खोल प्रश्न विचारणाऱ्या गार्गीला याज्ञवल्क्याने मस्तक गळून पडेल अशी ताकीद दिली, आणि पुढे शाकल्याचे मस्तक खरोखरच गळून पडल्याची कथा आहे. पाली भाषेतील मिलिंदपञ्ह या ग्रंथाने हा मुद्दा तत्त्वरूपाने मांडला. ग्रीक राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, नागसेन भिक्षूला चर्चेचे आवाहन करतो. नागसेन विचारतो, पंडितांच्या रीतीने बोलणार की राजांच्या? पंडित एकमेकांना पेचात पकडतात, पेच सोडवितात, चूक दाखवितात, चूक मान्य करतात, पण रागावत नाहीत. राजे एक विधान करतात आणि ते न मानणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद पंडितांची रीत पत्करतो आणि आपण एखाद्या भिक्षूशी, श्रामणेराशी, उपासकाशी किंवा विहारातील सेवकाशी बोलत आहोत असे समजून निःशंक बोलावे, असे आश्वासन देतो. संवादाच्या आरंभी सत्तेने आपण होऊन पायउतार व्हावे ही अट येथे उघड शब्दांत आली आहे.

मिश्र वर्गाचा प्रश्न प्रत्यक्ष पाहावयाचा तर नालंदेकडे वळावे लागते. चिनी यात्रिक ह्युएन-त्संग इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या चौथ्या दशकात तेथे पोहोचला आणि शीलभद्रापाशी त्याने योगाचारशास्त्राचे अध्ययन केले. त्याचा शिष्य ह्वी-ली याने लिहावयास घेतलेले व येन-त्सुंग याने ६८८ मध्ये पूर्ण केलेले त्याचे चरित्र हा या काळाचा मोठा आधार. तो गुरुभक्तीने लिहिलेला आहे हे विसरू नये. पण भक्ताच्या लेखणीतून अनवधानाने जे सुटते ते बरेचदा अधिक विश्वसनीय असते. महायानाबरोबर अठरा निकायांचे ग्रंथ, वेद, हेतुविद्या, शब्दविद्या, चिकित्साविद्या, सांख्य असे विषय तेथे शिकविले जात, आणि दूरदेशचे विद्यार्थी येत. प्रवेशद्वारी कठीण प्रश्न विचारले जात व दहांतले सात-आठ तेथूनच परत फिरत. म्हणजे या मिश्र वर्गाचा दरवाजा अरुंद होता. चरकसंहिताही आयुर्वेदाच्या अध्ययनाचा अधिकार सांगताना ब्राह्मण, क्षत्रिय व वैश्य यांचीच नावे घेते. सौहार्दाचे नियम दरवाजाच्या आत लागू होते, ही मर्यादा दृष्टीआड करून त्यांची स्तुती करणे इतिहासाला धरून होणार नाही.

नालंदेतील दोन घटना या चरित्रात जवळजवळ लागूनच येतात आणि त्यांचा मेळ लावून पाहण्यासारखा आहे. सिंहरश्मी नावाचा आचार्य माध्यमिक ग्रंथ शिकवीत असता योगाचाराचे खंडन करीत असे. दोन्ही शास्त्रांत पारंगत असलेल्या ह्युएन-त्संगाचे मत असे की भिन्न आचार्यांनी भिन्न हेतूंनी सिद्धान्त मांडले, त्यांत विरोध नाही; विरोध दिसतो तो समजून न घेणाऱ्यांमुळे. त्याने सिंहरश्मीला वारंवार प्रश्न विचारून निरुत्तर केले, त्याचे विद्यार्थी हळूहळू याच्याकडे आले, आणि मग याने दोन मतांचा मेळ दाखविणारा ३००० श्लोकांचा प्रबंध रचला. शीलभद्रासह सर्वांनी त्याची प्रशंसा केली. प्रबंध आज उपलब्ध नाही. परंतु चरित्र सांगते की सिंहरश्मी लज्जित होऊन नालंदा सोडून बोधगयेस गेला, आणि तेथून त्याने आपल्या एका सहाध्यायाला बदला घेण्यासाठी वादाला धाडले. तोही निरुत्तर झाला. समन्वयाचा ग्रंथ झाला, पण ज्याच्याशी समन्वय करावयाचा तो माणूस वर्गातून निघून गेला. हार झालेल्यापुढे हर्ष मानू नये आणि अनुनयाने वागावे, हा संधायसंभाषेचा नियम येथे पाळला गेला असे चरित्रकारालाही म्हणता आलेले नाही.

दुसरी घटना याच्या उलट आहे. लोकायत मताच्या एका ब्राह्मणाने ४० विधाने लिहून विहाराच्या द्वारावर टांगली आणि एकही खोडले गेले तर आपण मस्तक देऊ असे जाहीर केले. कित्येक दिवस कोणी पुढे आला नाही. अखेर ह्युएन-त्संगाने शीलभद्रासमोर वाद करून त्याला हरविले. ब्राह्मण मस्तक देण्यास सिद्ध झाला. ह्युएन-त्संगाने ते घेतले नाही, पण त्याला आपला दास करून ठेवले. ही दया होती, तरीही विगृह्यसंभाषेचाच हा शेवट. त्यानंतर ओड्र देशातील हीनयानी पंडितांनी महायानाचे खंडन करणारा एक ग्रंथ पुढे केला व त्याचे उत्तर ह्युएन-त्संगाला द्यावयाचे होते. ग्रंथातील काही स्थळे त्याला उमगेनात. त्याने दासाला विचारले, या ग्रंथावरील प्रवचन तू ऐकले आहेस का? दास म्हणाला, पाच वेळा ऐकले आहे. ते मला समजावून सांग, असे ह्युएन-त्संग म्हणाला. दास संकोचला, दासाने स्वामीला शिकवावे कसे? ह्युएन-त्संगाने सांगितले की हे दुसऱ्या पंथाचे शास्त्र आहे, मी ते पाहिलेले नाही, तू निःसंकोच सांग. तेव्हा त्या ब्राह्मणाने रात्र होऊ देण्याची विनंती केली. आपण दासाकडून विद्या घेतली असे लोकांनी ऐकले तर आपल्या कीर्तीला बाधा येईल, असे त्याचे म्हणणे. रात्री सर्वांना दूर करून ह्युएन-त्संगाने त्याच्याकडून तो ग्रंथ एकदा आरंभापासून समजून घेतला, त्याच्या आधारे १६०० श्लोकांचे उत्तर लिहिले आणि त्या ब्राह्मणाला मुक्त केले.

नालंदेच्या संपूर्ण वृत्तांतात संधायसंभाषेच्या अटी एवढ्या पूर्णतेने उतरलेला दुसरा प्रसंग नाही. प्रतिपक्षाचे मत प्रतिपक्षाच्या खंडनातून न घेता त्या मताचे प्रवचन ऐकलेल्या माणसाकडून घेतले गेले. विजेता शिष्य झाला. जे ठाऊक नव्हते ते ठाऊक नाही असे म्हटले गेले. पण हे सर्व रात्री घडले, आणि रात्रीची निवड दासाने केली, विजेत्याच्या प्रतिष्ठेला जपण्यासाठी. विद्येच्या त्या महान केंद्रातही दिवसाउजेडी अशी शिकवणी होऊ शकत नव्हती. शिवाय ज्या ग्रंथासाठी हे अध्ययन झाले तो ग्रंथ खोडण्यासाठीच ते होते. संधी आणि विग्रह यांची सरमिसळ प्रत्यक्ष व्यवहारात अशी होत असते.

मुक्त झालेला ब्राह्मण पूर्वेस कामरूपाला गेला आणि तेथील राजा कुमार, म्हणजे भास्करवर्मा, याच्यापाशी त्याने ह्युएन-त्संगाचे गुण वर्णन केले. राजाने निमंत्रण धाडले, तेथून हर्षवर्धनाचे बोलावणे आले, आणि इ. स. ६४३ च्या सुमारास कान्यकुब्जाची प्रसिद्ध धर्मसभा भरली. चरित्राच्या हिशेबाप्रमाणे १८ देशांचे राजे, ३००० भिक्षू, २००० ब्राह्मण व निर्ग्रंथ आणि नालंदेचे सुमारे १००० भिक्षू तेथे जमले. ह्युएन-त्संगाने महायानाचे मंडन केले आणि त्यातील एक शब्दही कोणी असयुक्तिक ठरविल्यास आपले मस्तक देण्याची तयारी दाखविली. पाच दिवस गेले. विरोधकांचा कट शिजत असल्याची वार्ता आली. तेव्हा हर्षाने दवंडी पिटविली की ह्युएन-त्संगाला जो इजा करील त्याचा शिरच्छेद होईल, जो त्याची निंदा करील त्याची जीभ छाटली जाईल. ज्यांना सयुक्तिक बोलावयाचे आहे त्यांना मात्र मोकळीक आहे. अठरा दिवस संपेपर्यंत कोणीही तोंड उघडले नाही. चरित्रकाराने हा निर्विवाद विजय म्हणून नोंदविला. सयुक्तिक आक्षेप कोणता आणि निंदा कोणती हे कोण ठरविणार होते, हा प्रश्न त्या पाच हजारांवर जाणकारांतील एकालाही पडला नसेल असे मानणे कठीण आहे. नागसेनाने ज्या राजरीतीचे वर्णन केले होते तीच ही. फरक एवढाच की या वेळी राजा पंडिताच्या बाजूचा होता.

या परंपरेचा आधुनिक विद्यापीठाशी सांधा जोडण्याचा एक प्रयत्न पुण्यात झाला. विद्यापीठांतील तत्त्वज्ञान विभाग आणि संस्कृत पाठशाळांतील पंडित यांच्यात विसाव्या शतकात परस्परसंबंध जवळजवळ उरला नव्हता. एकाच विषयाचे हे दोन वर्ग शेजारी नांदत, आणि विभागांतील प्राध्यापक पंडितांकडे जात ते जुन्या मताचा अर्थ विचारावयास. आजच्या प्रश्नावर तुमचे मत काय, असे त्यांना सहसा कोणी विचारीत नसे. १९८३ मध्ये दया कृष्ण आणि मे. पुं. रेगे यांच्या पुढाकाराने पुण्यात या दोन गटांची चर्चा योजिली गेली. रेगे नंतर मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले. चर्चेसाठी बर्ट्रंड रसेल यांची विधानविषयक उपपत्ती निवडली होती. ती संस्कृतात उतरवून पंडितांपुढे ठेवण्यात आली. निवड विचारपूर्वक होती. रसेल यांच्या ‘विधान’ या कल्पनेला नैयायिकांच्या शास्त्रात सरळ प्रतिशब्द नाही. त्यामुळे प्रत्येक बाजूला आपली मूलभूत संज्ञा दुसऱ्याला नव्याने समजावून सांगणे प्राप्त झाले, आणि पाठ केलेली उत्तरे उपयोगी पडली नाहीत. संस्कृतात बोलण्याची अट प्राध्यापकांना जड गेली असणार. पण एरवी इंग्रजीची तशीच अट पंडितांवर न सांगता लादलेली असे. या चर्चेचा वृत्तांत १९९१ मध्ये ‘संवाद’ या नावाने ग्रंथरूपात प्रसिद्ध झाला.

त्या उपक्रमाचे फलित म्हणून सहसा रसेलवरील चर्चेचा उल्लेख होतो. पण अधिक बोलके उदाहरण त्यानंतरचे आहे. या पंडितांपैकी बदरीनाथ शुक्ल यांनी पुढे एक निबंध सादर केला. त्यात त्यांनी असा प्रश्न घेतला की न्यायदर्शनाची इतर व्यवस्था कायम ठेवून, देहाहून निराळा आत्मा न मानता, देहालाच आत्मा मानले तर न्यायदर्शनाचे काम चालेल काय. आणि मनाच्या साहाय्याने ते चालू शकेल असा पक्ष त्यांनी मांडला. देहात्मवाद हा लोकायतांचा सिद्धान्त. नैयायिकांनी शतकानुशतके खोडलेला. शुक्ल लोकायत झाले नाहीत. आयुष्यभर खंडनासाठी अभ्यासिलेला पक्ष त्यांनी भर सभेत, आपल्याच शास्त्राच्या भाषेत, शक्य तितका बळकट करून दाखविला, आणि जमलेल्या पंडितांनी त्यावर आक्षेप घेतले.